कॅमेरा कंपन्या नवं तंत्र आणायला एवढा वेळ का लावतात? आणि माझ्या जुन्या लेन्सचं काय करू?

विटेकर स्टुडिओ

नमस्कार मंडळी. विट्यात आमचा स्टुडिओ आहे, वडिलांनी काढलेला. वडील निकॉन एफएम२ वर लग्नं काढायचे, मी डी७५० वर काढतो. लग्न, बारसं, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग, जे येईल ते. माझ्या सामानाबद्दल तक्रार अजिबात नाही, त्याच्यावर घर चाललंय.

तुळशीचं लग्न झाल्यावर सीझन सुरू झाला तेव्हा भाच्याने मित्राची मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली, बॉडी आणली होती. अंतरपाट खाली आला तेव्हा आम्ही दोघे शेजारी उभे होतो. ज्यांनी लग्नं काढलीत त्यांना माहीत आहे त्या वेळी काय होतं. अक्षता हवेत असतात, करवल्या मधे येतात, नवरीची मान खाली असते आणि फोकस चेहरा सोडून अक्षतांवर जाऊन बसतो. माझे निम्मे फोटो तसे गेले. भाच्याचा कॅमेरा नवरीच्या डोळ्यावर जो बसला तो समोरून एवढ्या अक्षता गेल्या तरी हलला नाही.

तेव्हापासून वाचत बसलोय. पॅनासॉनिकने आरसा काढून टाकलेला कॅमेरा २००८ मध्येच आणला. सोनीचा फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेला, ए७ आला २०१३ ला. निकॉन आणि कॅननचे फुल फ्रेम मिररलेस आले २०१८ मध्ये. म्हणजे सुरुवातीपासून धरलं तर दहा वर्षं. एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढे इंजिनियर, त्यांना दिसत नव्हतं का? की दिसत असून थांबले? आमच्यासारखा माणूस एकदा बॉडी आणि लेन्स घेतो तेव्हा दहा वर्षांचा हिशोब करून घेतो. पुढे काय येणार हे ज्याला माहीत आहे तो सांगत नाही, आणि आम्ही त्याच्याच भरवशावर कर्ज काढतो. हे मला मनापासून लागलंय.

दुसरा प्रश्न सरळ पैशाचा. माझ्याकडे २४-७० एफ/२.८ एएफ-एस (फोकसची मोटर लेन्समध्येच), ८०-२०० एफ/२.८ डी आणि ५० एफ/१.८ डी (या दोन्हींचा फोकस बॉडीतली मोटर फिरवते) आहे. भाचा म्हणतो, "मामा, सगळं काढून टाकू." मला धीर होत नाही. जाणकारांनी सांगावं.

रोहन_सातारा

दादा, भाच्याचं ऐका. मी दोन सीझनपूर्वी सगळं विकून सोनीवर आलो. डोळ्यावरचा फोकस, लेन्सची व्हरायटी, सिग्मा-टॅमरॉनच्या स्वस्तातल्या लेन्स, सगळं तिथे आधी आलं. जी कंपनी आधी आणते तिच्यासोबत राहायचं, एवढा साधा नियम ठेवलाय. डीएसएलआरची, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्याची, किंमत दर वर्षी उतरतेय, जेवढं थांबाल तेवढं नुकसान.

काचवाला

विटेकर, मी फोर्टात बोरा बाजारात कॅमेरे दुरुस्त करण्यात उमर घालवली, आता डोंबिवलीत घरीच थोडंफार काम घेतो. फिल्मपासून मिररलेसपर्यंत प्रत्येक पिढीचा कॅमेरा उघडून पाहिलाय. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खात्रीने देतो: त्यांना दिसत होतं. प्रत्येक वेळी दिसत होतं.

कोडॅकचीच गोष्ट घ्या, कारण ती सगळे चुकीची सांगतात, की डिजिटल आलं तेव्हा कोडॅक झोपून राहिली. स्टीव्ह सॅसन नावाच्या त्यांच्या तरुण इंजिनियरने १९७५ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरला पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. साडेतीन किलोच्या वर वजन, चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं, तेही काळं-पांढरं, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे १९९१ ला त्यांनी निकॉन एफ३ च्या बॉडीला आपला सेन्सर लावून डीसीएस विकायला काढला. १.३ मेगापिक्सेल, आणि हार्ड डिस्कचा डबा वेगळा, खांद्याला अडकवायचा. २००५ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त डिजिटल कॅमेरे विकणारी कंपनी कोडॅकच होती. आणि जानेवारी २०१२ ला दिवाळखोरीचा अर्ज. मग झोप कुठे लागली होती? नफा कॅमेऱ्यात नव्हताच. तो रोलमध्ये होता, कागदात होता, रसायनांत होता. तुमच्या वडिलांसारखा फोटोग्राफर प्रत्येक लग्नाला नव्याने रोल विकत घ्यायचा. डिजिटल कॅमेरा एकदा विकला की संपलं. आपणच काढलेली वस्तू आपल्याच रोलचा धंदा बुडवणार हे ज्या कंपनीला कळतं, तिचा हात आखडतो.

निकॉन-कॅननच्या बाबतीत रोलची जागा लेन्सने घेतली. गिऱ्हाईक बॉडी बदलतं, लेन्स धरून राहतं, आणि लेन्स ज्या माउंटची (लेन्स बॉडीला बसते तो जोड) त्याच कंपनीकडे परत येतं. म्हणून माउंटला हात लावायचा म्हणजे काय असतं ते १९८५ नंतर काय झालं त्यावरून बघा. मिनोल्टाने ७००० नावाचा कॅमेरा आणला, फोकसची मोटर बॉडीत, चालायचा उत्तम. सगळ्या बाजाराला धक्का बसला. निकॉनने आपलं १९५९ चं एफ माउंट तसंच ठेवलं आणि त्यात बॉडीतून फिरणारा स्क्रू बसवला. तुमची ८०-२०० डी त्याच वंशातली. कॅननने उलट केलं. १९८७ मध्ये ईओएस काढताना आपलं एफडी माउंट सरळ बंद केलं, नवीन ईएफ आणलं, सगळा व्यवहार विजेवर, मोटर लेन्समध्ये. एफडी लेन्स फिल्मपासून ४२ मिमीवर बसायची, नव्या बॉडीत ते अंतर ४४ मिमी. त्या दोन मिलिमीटरमुळे मधे काच घातल्याशिवाय जुन्या लेन्सला लांबचा फोकस मिळेना. ज्यांच्या कपाटात एफडी लेन्स होत्या ते लोक किती दुखावले होते ते मी माझ्या काउंटरवर ऐकलंय. पण काही वर्षांत मोठ्या सामन्यांच्या मैदानाकडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सच्या रांगा लागल्या, कारण मोटर लेन्समध्ये असल्याने लांबचं टिपणारी मोठी टेली लेन्स पटकन फोकस करायची.

आणि मिनोल्टा, जी पहिली आली? हनीवेल या अमेरिकन कंपनीने ऑटोफोकसच्या पेटंटवरून दावा लावला, १९९२ मध्ये मिनोल्टा तो हरली आणि तडजोडीत १२ कोटी ७५ लाख डॉलर भरले. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टा कॅमेऱ्यातून बाहेर पडली आणि तो धंदा सोनीकडे गेला. रोहन, "जी आधी आणते तिच्यासोबत राहायचं" हा तुमचा नियम मिनोल्टावाल्यांनीही पाळला होता. सॅमसंगचा एनएक्स१ आठवतो? २०१४ चा, काळाच्या पुढचा कॅमेरा. एक-दोन वर्षांत सॅमसंगने दुकानच आवरलं. ते घेतलेली मुलं माझ्याकडे यायची, पार्ट मिळायचा नाही.

सोनी पुढे गेली यात तिचं कौतुक आहेच, सेन्सर स्वतः बनवते, २०१७ च्या ए९ ने तर खेळाचे फोटो काढणाऱ्यांनाही पटवलं. पण तिला वेग परवडला, कारण तिच्या माउंटच्या लेन्स फार लोकांच्या कपाटात नव्हत्या. कोणाचा राग ओढवून घ्यायची भीतीच नव्हती. निकॉनचं पाहा. २०११ मध्ये त्यांनी निकॉन १ काढला, सेन्सरवरच फेज डिटेक्शन, म्हणजे फोकस पटकन शोधायची पद्धत, सेकंदाला १० फोटो फोकस धरून. त्या वेळी असं दुसऱ्या कोणाकडे क्वचितच होतं. मग ते घातलं कशात, तर एक इंचाच्या छोट्या सेन्सरमध्ये, म्हणजे डीएसएलआरच्या वाटेला जायला नको. असं मी समजतो, आणि तो कॅमेरा उघडल्यावर माझी खात्री झाली की आत काम करणारी माणसं तयार होती. २०१८ ला ती मालिका बंद केली आणि त्याच वर्षी झेड६-झेड७ आले. कॅननचंही तेच. सेन्सरवरूनच पटकन धरणारा ड्युअल पिक्सेल फोकस २०१३ च्या ७०डी मध्ये आला, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात! त्यांचा मिररलेस ईओएस एम त्यानंतरही कितीतरी दिवस फोकससाठी चाचपडत होता.

म्हणून विटेकर, त्या उशिरात आपणही भागीदार आहोत. वडिलांच्या एफएम२ ची एआय लेन्स (हाताने फोकस करायची जुनी) घरात असेल तर ती डी७५० ला लावून बघा, बसते आणि मीटरही दाखवते. चाळीस वर्षांपूर्वीची काच आजच्या बॉडीवर चालते हे त्या संथपणाने दिलंय. काच आणि माउंट यांत सावकाश चालणारी कंपनी मला आवडते. घाईचे परिणामही पाहिलेत: लायका ही जर्मन कंपनी २००६ मध्ये एम८ हा आपल्या एम मालिकेतला पहिला डिजिटल कॅमेरा घेऊन आली तर काळे कृत्रिम धाग्याचे कपडे जांभळट यायला लागले, शेवटी गिऱ्हाइकांना फिल्टर फुकट द्यावे लागले.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. दहा वर्षं थांबून २०१८ ला आले, आणि झेड६, झेड७, ईओएस आर, तिन्हींत कार्डाचा खाचा एकच. लग्नाच्या माणसाला एक कार्ड? मंगलाष्टका परत म्हणता येत नाहीत. डी७५० मध्ये दोन खाचे होते, ही गरज त्यांना ठाऊक होती. एवढा वेळ घेतला त्याचं फळ तिथे दिसायला हवं होतं.

मीनल_फोटोडेस्क

काचवाला काका, लेन्सपुरतं तुमचं सगळं मान्य. पण मी वर्तमानपत्राच्या फोटो डेस्कवर बसते, आणि माझ्या जागेवरून उशिराचा अर्थ वेगळा दिसतो.

बाहेर वारीचा फोटो काढणारा आमचा माणूस चाळीस-पन्नास हजारांचा फोन आणि त्याच्या कितीतरी पट किमतीचा कॅमेरा घेऊन उभा असतो. फोनवरचा फोटो काही सेकंदांत माझ्याकडे येतो. कॅमेऱ्यातला यायचा तर आधी कॅमेरा आणि फोन एकमेकांना ओळखणार, मग वायफाय जुळणार, मग मधेच तुटणार. एका कंपनीच्या अ‍ॅपने तर पालखी पुढे निघून गेली तरी एक फोटो सोडला नव्हता. त्या मुलाचा आवाज फोनवर रडवेला झाला होता. त्याचा फोटो पहिल्या पानाच्या लायकीचा होता आणि आम्ही एजन्सीचा लावला.

याला लेन्सचं कारण लागू पडत नाही ना? अ‍ॅप नीट केल्याने कोणाची जुनी लेन्स वाया जात नाही. साध्या यूएसबीवरून चार्जिंग द्यायला, कॅमेऱ्याचे मेन्यू माणसाला कळतील असे करायला कोणतं माउंट आडवं येतं? आणि प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. निकॉनने २०१२ मध्ये अँड्रॉइडवर चालणारा कूलपिक्स एस८००सी काढला होता, सॅमसंगनेही त्याच वर्षी गॅलक्सी कॅमेरा काढला. ते कॅमेरे कमी पडले म्हणून ती कल्पनाच सोडून दिली. तोवर फोनवाले एकामागून एक फ्रेम घेऊन अंधारातला फोटो जोडायला शिकले. जपानी कंपन्यांनी २०१० मध्ये १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले होते, २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत. छोटे कॅमेरे जे गेले ते काच वाईट होती म्हणून गेले नाहीत. फोटो काढल्यावर तो पोचवायचा असतो, ही गोष्ट कंपन्यांनी स्वतःचं काम मानली नाही.

विटेकर दादांकडेही हेच होत असणार. नवरीच्या मैत्रिणी हळदीचे फोटो स्टेटसला टाकून मोकळ्या होतात, आणि चांगला फोटो यांच्या कार्डात पडून असतो.

काचवाला

मीनलताई, हे मला पटलं, आणि मी याचा विचार केला नव्हता असं नाही, पण एवढ्या जोराने केला नव्हता. आम्ही दुरुस्तीवाले शटर, आरसा, पडदा यांच्याकडे बघतो. या कंपन्यांचे वरचे लोकही काच आणि यंत्र यांतूनच मोठे झालेले. बॉडी चार वर्षांनी बदलायची हे त्यांच्या हाडात आहे. सॉफ्टवेअर महिन्याला सुधारावं लागतं, ती सवय फार उशिरा लागली. आता मात्र फर्मवेअरमधून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरमधून, खरोखर मोठ्या गोष्टी देतात. निकॉनने २०२१ च्या झेड९ मध्ये यांत्रिक शटर काढूनच टाकलं आणि पुढे फर्मवेअरवर त्या कॅमेऱ्याला कितीतरी नवीन सोयी दिल्या, फुकट. हा बदल मी चांगला मानतो.

विटेकर स्टुडिओ

काका, ताई, मनापासून आभार. राग पूर्ण गेला नाही पण कारण समजलं. कंपनीने निदान लेन्स विकताना एवढं सांगावं की पुढे कशावर चालेल आणि कशावर नाही, एवढीच इच्छा आहे.

आता पैशाचं सांगा. निकॉनमध्येच राहिलो तर या तीन लेन्स चालतील का?

काचवाला

एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर (जुनी लेन्स झेड बॉडीला लावायचा जोड) २४-७० एएफ-एस पूर्ण चालेल, फोकससकट, आणि तुमच्या भाच्याने पाहिला तो डोळ्यावरचा फोकसही मिळेल. ८०-२०० डी आणि ५० डी बसतील, फोटो येईल, पण फोकस हाताने करावा लागेल. त्या अ‍ॅडॉप्टरमध्ये स्क्रू फिरवणारी मोटर नाही, पहिल्यात नाही आणि एफटीझेड २ मध्येही नाही. हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितोय.

त्यामुळे सगळं विकू नका. ८०-२०० डी ला आज फारसे पैसे येणार नाहीत, आणि डी७५० वर ती अजून उत्तम काम करते. ती जोडी तशीच ठेवा, स्टेजच्या लांबच्या फोटोंसाठी. एक मिररलेस बॉडी घ्या, दोन कार्डांची. झेड५ मध्ये दोन्ही खाचे एसडीचे आहेत, म्हणजे तुमची आत्ताची कार्डं चालतील. झेड६ २, म्हणजे झेड६ ची दुसरी आवृत्ती, तिच्यात एक एसडी आणि एक महागातलं कार्ड. जमलं तर झेड५ २ बघा, २०२५ चा आहे, त्याचा फोकस पहिल्या झेड५ च्या फार पुढे गेलाय, आणि अंतरपाटाच्या वेळी तुम्हाला तेच हवंय. तिच्यावर २४-७० लावून मुहूर्त काढा. नवीन झेड लेन्स घ्यायची घाई नको, एक सीझन जाऊ द्या.

हॉलमध्ये एलईडीची भिंत असेल तर सायलेंट शटर बंद ठेवा, यांत्रिक शटरवरच काढा, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात. डी७५० वर एका बॅटरीत अख्खं लग्न निघतं तसं इथे निघणार नाही, खिशात जास्तीच्या ठेवा.

आणि हळदीला मिररलेसची लेन्स बदलू नका. डी७५० मध्ये सेन्सरच्या पुढे शटरचा पडदा आणि आरसा असतो. झेड५ ची लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, आणि त्यावर बसलेली हळद तेलकट असते, फुंकरीने जात नाही.

विटेकर स्टुडिओ

हळदीचं कोणीच सांगितलं नव्हतं. भाचा पुढच्या आठवड्यात मुंबईला निघालाय, बोरा बाजारात सेकंड हँड झेड५ २ मिळाला तर बघायला सांगतो. त्याच्यासोबत २४-७० देऊ का?

काचवाला

द्याच. दुकानात अ‍ॅडॉप्टरला हीच लेन्स लावून एफ/२.८, ८ आणि १६ वर एकाच भिंतीचे फोटो काढायला सांगा, कॅमेरा ए मोडवर ठेवून, म्हणजे एफचा आकडा आपण ठरवायचा आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. तिन्ही सारखेच उजळ आले पाहिजेत. एफ/१६ चा फोटो जास्त उजळ आला तर अ‍ॅडॉप्टरमधली अ‍ॅपर्चरची तरफ अडकते आहे, तो घ्यायचा नाही. एफ/१६ च्याच फोटोत पांढऱ्या भिंतीवर काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, ती साफ करून घ्यायची आणि मगच पैसे मोजायचे. दोन्ही खाच्यांत कार्ड घालून दोन्हीवर एकाच वेळी फोटो उतरतो का ते तिथेच तपासायचं. निघायच्या आधी फोन करायला सांगा त्याला, नंबर निरोपातून पाठवतो.